साखळीचा धंदा आणि एक हरलेली पैज
(मंडळाच्या मासिक सभेत, हैदराबाद येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सभागृहासाठी गेल्या महिन्यात एक अर्ज आला. ‘स्वयंरोजगार मार्गदर्शन’, रविवारी तीन तास, भाडे आगाऊ रोख. सोबत एक विनंती होती, मंडळाची सभासदयादी मिळावी. कार्यकारिणीत दोन मते पडली. भाडे मिळते आहे, आपले काय जाते, असे काहींचे म्हणणे. बँकेत नोकरी करणाऱ्या आम्हा सभासदांनी विरोध केला, म्हणून आमची बाजू मांडायला आज अध्यक्षांनी सांगितले.

सभासद करा, त्यांनी आणखी सभासद करावेत, आणि खालच्यांच्या खरेदीवर वरच्याला कमिशन मिळावे, असा हा धंदा. इंग्रजीत मल्टिलेव्हल मार्केटिंग. आम्ही तो काउंटरच्या आतल्या बाजूने पाहतो. मुदतठेव मोडायला माणूस येतो तेव्हा कारण विचारायचा आम्हाला अधिकार नाही, पण ओळखीचा असला की तोच सांगतो. आपल्यातल्याच एक काकू मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली ठेव मुदतीच्या आधी मोडायला आल्या. व्याज कमी मिळेल, दंड बसेल, हे सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, “अरे, माझ्या नणंदेनेच मला घेतलंय, ती का फसवील?” नणंद फसवत नव्हती. तिलाही तिच्या मैत्रिणीने घेतले होते. वर्षभराने काकूंच्या माळ्यावर डबे होते आणि नणंद-भावजयींचे बोलणे बंद होते.

हिशेब शाळेतला आहे. एकाने सहा जण आणायचे, त्या प्रत्येकाने सहा. पहिल्या पायरीवर 6, दुसऱ्या पायरीवर 36, तिसऱ्या पायरीवर 216, चौथ्या पायरीवर 1296. पहिला माणूस धरून एकूण 1555. यातले 1296, म्हणजे शंभरातले 83, शेवटच्या पायरीवर, ज्यांच्या खाली कोणीच नाही. नवव्या पायरीवर आकडा एक कोटीच्या वर जातो. एवढी माणसे अख्ख्या हैदराबादेत मिळायची मारामार. म्हणून साखळीबाहेरचे गिऱ्हाईक माल विकत घेते का, हाच खरा प्रश्न. घेत असेल तर तो व्यापार. नसेल तर खालच्याचे पैसे वर जातात एवढेच.

यावर बैठकीत एक मुद्दा आला. अशा काही कंपन्या अमेरिकेच्या शेअरबाजारात नोंदलेल्या आहेत. त्यांत खोट असती तर बाजाराने सोडले असते काय? मुद्दा चांगला आहे, आणि त्याचे उत्तर घडलेल्या गोष्टीत आहे. ती हर्बालाइफ या कंपनीची. आपल्याकडच्या अर्जाशी तिचा काही संबंध नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

1980 मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालेली, वजन कमी करण्याचे शेक विकणारी ही कंपनी. मे 2012 मध्ये कंपनीच्या फोनवरच्या बैठकीत डेव्हिड आइनहॉर्न नावाच्या गुंतवणूकदाराने विचारले की साखळीबाहेर नेमका किती माल विकला जातो? एवढ्या एका प्रश्नावर त्या दिवशी शेअर सुमारे 20 टक्के उतरला. डिसेंबर 2012 मध्ये बिल ॲकमन हा न्यूयॉर्कचा फंडवाला उघडपणे म्हणाला की ही साखळी आहे, तिचा भाव शून्यावर जाईल, आणि आपण त्यावर एक अब्ज डॉलर लावले आहेत.

भाव पडेल यावर पैसे कसे लावतात? जुन्या लोकांना मंदीवाले ठाऊक आहेत. शेजाऱ्याकडून पोते गहू उसने घ्यायचे, आजच्या भावाने विकायचे, भाव उतरला की स्वस्तात घेऊन परत करायचे. मधला फरक आपला. पण भाव चढला तर तेच पोते महागात घ्यावे लागते, आणि चढण्याला सीमा नाही. तोवर उसनवारीचा खर्च चालूच.

ॲकमनने तीन तास आकडे दाखवले. शेअर काही दिवसांत चाळिशीतून पंचविशीच्या आसपास आला. मग कार्ल आयकन हा बडा धनिक उलट बाजूने उतरला आणि शेअर घेत सुटला. जानेवारी 2013 मध्ये दूरदर्शनवर दोघांचे असे भांडण झाले की आपली वार्षिक सभा त्यापुढे शांत वाटावी. वर्षअखेर शेअर 75 डॉलरच्या वर. जुलै 2014 मध्ये ॲकमनने आणखी एक मोठे सादरीकरण केले, त्या दिवशी शेअर 25 टक्के चढला!

15 जुलै 2016 रोजी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने, एफटीसीने, निकाली समझोता जाहीर केला. कंपनीने 20 कोटी डॉलर भरायचे आणि कमिशनची पद्धत बदलायची, म्हणजे ते खऱ्या विक्रीवर द्यायचे, भरतीवर नाही. शेक पाजणारे ‘न्यूट्रिशन क्लब’ काढणाऱ्यांनी सरासरी साडेआठ हजार डॉलर घातले आणि त्यांतल्या 57 टक्क्यांना काही सुटले नाही किंवा तोटा झाला, असे आयोगाच्या तक्रारीत आहे. मात्र ‘पिरॅमिड’ हा शब्द समझोत्यात आला नाही. कंपनी चालू राहिली आणि त्या दिवशीही शेअर वरच गेला. 2018 मध्ये ॲकमनने पैज सोडली. त्याचा तोटा जवळपास एक अब्ज डॉलर आणि आयकनचा फायदाही तेवढाच, असे त्या वेळी छापून आले.

म्हणजे काय झाले? खालच्या माणसांच्या तोट्याबद्दल मंदीवाला जे बोलला त्यातले बरेचसे आयोगानेही मांडले, तरी पैसे त्याचेच बुडाले. ॲकमन काही साधू नव्हता. आपला वैयक्तिक नफा दान करू असे तो म्हणाला खरा, पण फंडाचा धंदा तर तोच होता. बाजाराने ठरवले ते एवढेच की कंपनी टिकेल. खालच्या पायरीवरच्या बाईचे पैसे परत येतील का, हे तिथे कोणी विचारतच नव्हते. जानेवारी 2017 मध्ये सुमारे साडेतीन लाख लोकांना परताव्याचे धनादेश गेले, बहुतेक 100 ते 500 डॉलरचे.

या क्लबवाल्यांत मोठा भरणा होता तो लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांचा. परक्या गावात आपल्या भाषेचा माणूस भेटला की विश्वास बसतो. ही गोष्ट काचीगुडा-सुलतान बाजारातल्या आपल्या पणजोबांना कोणी शिकवावी लागली नव्हती. हळदीकुंकू, गणपती, कोजागिरी या ओळखी आपण शंभर वर्षे सांभाळल्या. साखळीवाल्याला त्या आयत्या हव्या असतात. आपली यादी हजार-बाराशे घरांची धरली तर ती चौथ्या पायरीलाच संपते.

कायदा आपल्याकडे जुना आहे, 1978 चा, प्राइझ चिट्स व मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणारा. तो याच शहरात अजमावला गेला. 2006 मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशच्या सीआयडीने ॲम्वेच्या कार्यालयांवर कारवाई केली, आणि जुलै 2007 मध्ये इथल्याच उच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळून तिची योजना प्रथमदर्शनी या कायद्याच्या कक्षेत येते असे म्हटले. पुढे कंपन्यांनी या कायद्यातून सूट मिळावी म्हणून दिल्लीत बरीच खटपट केली. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने थेट विक्रीचे नियम केले. त्यांत पिरॅमिड योजनांना मनाई आहे आणि देखरेखीची यंत्रणा उभारायचे काम राज्य सरकारवर टाकले आहे. मते मागायला येणाऱ्यांना आपण रस्ते आणि पाणी विचारतो. ही यंत्रणा आपल्या राज्यात कुठे बसते, तक्रार कुणाकडे करायची, हेही विचारायला हवे. पत्राचा मसुदा आम्ही केला आहे, त्यावर सह्या हव्यात.

सभासदयादी कोणालाही देऊ नये आणि अशा सभांना सभागृह भाड्याने देऊ नये, असा आमचा ठराव येत्या रविवारच्या बैठकीत येईल. तरुण सभासदांना रोजगाराचे मार्गदर्शन हवे आहे, ती गरज खरी आहे. बँकांच्या परीक्षा आणि कर्जयोजना यांवर शनिवारी संध्याकाळी बसायला आम्ही तयार आहोत, फुकट.

अर्जदारांना आम्ही चिटणीसांमार्फत एकच प्रश्न लेखी पाठवला आहे: गेल्या वर्षी साखळीबाहेरच्या गिऱ्हाइकाला किती रुपयांचा माल विकला, बिलांसह कळवावे. तीन आठवडे झाले. भाडे किती पडेल, हे विचारणारा त्यांचा दूरध्वनी मात्र दोनदा येऊन गेला.