कुंडीतील जास्वंद आणि पिठ्या ढेकूण
(शिक्षक, ग्रामसेवक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भात, नारळ, सुपारी, काजू यांवर बोलण्याची आम्हा कृषी खात्यातील माणसांना सवय. कुंडीतील फुलझाडावर बोला असे मला सांगण्यात आले, तेव्हा विषय जरा लहान वाटला, हे मी लपवीत नाही. परंतु कचेरीत सल्ल्यासाठी येणारी मंडळी कागदाची पुडी सोडून दाखवितात, तेव्हा तीत भाताच्या लोंबीप्रमाणेच जास्वंदीचा आखडलेला शेंडाही वारंवार निघतो. घरोघरी सोप्यावर, बलकांवात, शाळेच्या व्हरांड्यात ही कुंडी असते. चवथीला गणपतीच्या पायावर वाहावयाचे तांबडे फूल त्याच झाडाचे. म्हणून ते मरू लागले की घरातील बायकामाणसे व्याकूळ होतात, आणि मग हाती येईल ते औषध फवारले जाते. माझी खरी चिंता त्या फवाऱ्याची आहे.

प्रथम रोगी ओळखू या. शेंड्याची पाने मुडपून त्यांचा गुच्छ होतो, पेरे आखूड राहतात, कळ्या न उमलताच गळतात. पानाच्या बेचक्यात व देठाशी कापसासारखा पांढरा पुंजका दिसतो. खालची पाने हाताला चिकट लागतात व पुढे त्यांवर काजळी धरल्यासारखा काळा थर चढतो. पुष्कळ लोक यास बुरशीचा रोग समजतात. काळा थर बुरशीचाच असतो, पण ती बुरशी झाडावर नव्हे, तर किडीने टाकलेल्या गोड चिकट्यावर वाढते. मूळ अपराधी आहे पिठ्या ढेकूण. जास्वंदीवरील गुलाबी पिठ्या ढेकणास शास्त्रज्ञ मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस म्हणतात. भारतातील नमुन्यांवरून १९०८ साली त्याचे प्रथम वर्णन झाले. महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदार यालाच भितात, आणि कर्नाटकातील तुतीच्या मळ्यांत पाने आखडण्याचा जो ‘तुक्रा’ रोग म्हणून प्रसिद्ध आहे, तोही याचाच प्रताप होय.

मादी जेमतेम तीन मिलिमीटर लांब, मऊ, गुलाबी व बिनपंखी. अंगावर मेणाची पांढरी भुकटी. ती मेणाच्या धाग्यांची पिशवी विणून तीत शेकडो अंडी घालते. अंड्यातून निघणारी पिले इतकी बारीक असतात की वाऱ्याने, कपड्यांना चिकटून, माळ्याच्या कात्रीवरून ती दुसऱ्या झाडावर जातात. उष्ण हवेत अवघ्या महिनाभरात एक पिढी पुरी होते. झाडाचा रस शोषताना ती जी लाळ सोडते, ती जास्वंदीस विषारी ठरते. शेंडा आखडतो तो त्यामुळे. केवळ रस गेल्याने एवढी विकृती होत नाही.

आता कोणी विचारील की कुंपणावरची जास्वंद सुखरूप आणि व्हरांड्यातील मात्र पांढरी, असे का? त्याचे कारण आपला पाऊस. मृगापासून पुढे तीन महिने कोसळणारी झड उघड्यावरील झाडावरील पिले धुऊन नेते. छपराखालील कुंडीस ही आंघोळ नाही, आणि झाडाला सावलीत ठेवून आपण त्यास युरियाचा चमचा वर देतो. लुसलुशीत कोवळा शेंडा म्हणजे या किडीस पंगतच!

येथे एक जुनी चूक सांगणे भाग आहे. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत माझ्या मावशीच्या कुंडीवर ही कीड पडली. तीत काही पिठ्या ढेकूण इतरांहून मोठे, चांगले सेंटीमीटरभर लांब, अंगावर पांढऱ्या मेणाच्या लांब झालरी असलेले दिसले. ही बहुधा म्हातारी झालेली कीड, असे मी विद्वत्तेने सांगितले आणि वेचून वेचून चिरडली. वर एक तीव्र औषधही मारले. महिन्याभरात कीड पूर्वीपेक्षा दुप्पट झाली. पुढे प्रशिक्षणात भिंगाखाली तोच प्राणी मला दाखविण्यात आला, तेव्हा तोंडात मारल्यासारखे झाले. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी होती. ती पिठ्या ढेकणांची अंडी व पिले खाते आणि त्यांच्यासारखेच पांढरे सोंग घेऊन त्यांच्यातच वावरते. मी राखणदारच मारला होता. मावशीने मला एका शब्दाने दोष दिला नाही, झाड मात्र गेले.

ओळख सोपी आहे. काडीने हळूच स्पर्श करा. पिठ्या ढेकूण जागीच बसून राहील किंवा रेंगाळत सरकेल. अळी भराभर चालू लागेल. तीन मिलिमीटरहून पुष्कळ मोठे व मेणाचे लांब धागे असलेले जे काही दिसेल, त्यास हात लावू नका. प्रौढ ढालकिडा सुमारे चार मिलिमीटरचा, काळपट, आणि डोके व मागचा शेवट नारिंगी असतो. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भारतात तो १८९८ साली कॉफीवरील किडीसाठी आणला गेला व दक्षिणेत स्थिरावला. त्याची पुढील हकीगत मनोरंजक आहे. १९९४ मध्ये वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावर गुलाबी पिठ्या ढेकूण प्रथम आढळला आणि तेथून तो शेजारच्या बेटांत पसरून जास्वंदीची कुंपणे वाळवू लागला. त्याच्या बंदोबस्तासाठी जे मित्रकीटक सोडण्यात आले, त्यांत भारतातून नेलेले ढालकिडेही होते.

आता उपाय. झाड एकटे बाजूस न्या. फार आखडलेले शेंडे कापा व ते उकिरड्यावर न टाकता साबणाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा. उरलेले पुंजके काडीला कापूस गुंडाळून, तो दवाखान्यातील स्पिरिटात भिजवून टिपा. त्यानंतर पाण्याची जोरदार धार पानांच्या खालच्या बाजूस मारा. मग एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा. मेणामुळे साधे पाणी या किडीच्या अंगावरून ओघळून जाते. साबण ते चिकटू देतो. आधी दोन पानांवर करून दोन दिवस पाहावे, कारण काही झाडांची पाने साबणाने करपतात. निंबोळ्यांचा हंगाम असेल तर ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांच्या गराची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, थोडा साबण घालून फवारावी. एका फवारणीने काम होत नाही, कारण पिशवीतील अंड्यांस काहीच लागत नाही. आठवड्याच्या अंतराने तीनचार वेळा करा. झाडावर ढालकिड्याच्या अळ्या असतील, तर मात्र फवारणी थांबवा आणि त्यांस काम करू द्या.

मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका. गोड चिकट्यासाठी मुंग्या पिठ्या ढेकणांस राखतात आणि ढालकिड्यांस हुसकावतात. आपल्या आज्या फडताळाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवीत, तीच युक्ती येथे चालते. कुंडी तिवईवर ठेवा व तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. भिंतीला किंवा दुसऱ्या झाडाला फांदी लागू देऊ नका. पाणी मात्र तीन दिवसांनी बदला, नाहीतर मुंग्या जातील आणि डास येतील. रोपवाटिकेतून आणलेले नवे झाड तीन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावे, हेही सांगून ठेवतो.

विषाबद्दल थोडे. कीटकनाशकाच्या वेष्टनावर तिरपा चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो. लाल सर्वांत घातक. शिक्षकांनी हे चिन्ह फळ्यावर काढून मुलांना जरूर शिकवावे. घराघरांत सर्रास वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस ३१ डिसेंबर २०२० पासून आपल्या देशात पूर्णपणे बंद झाले आहे; कोणाच्या माळ्यावर जुनी बाटली असेल तर ती वापरू नये, विहिरीजवळ अगर गटारात ओतू नये, कृषी कार्यालयात विचारावे. ज्या व्हरांड्यात लहान मूल रांगते आणि ज्या झाडाचे फूल देवास वाहून प्रसादाबरोबर हातात येते, तेथे शेतातील विष फवारण्याची काही गरज नाही. झाड फारच गेले असेल, तर जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा. जास्वंद चिवट आहे, पुन्हा फुटते.

टेबलावर दोन काचेच्या बशा ठेवल्या आहेत. एकीत पिठ्या ढेकूण आहे, दुसरीत ढालकिड्याची अळी. भिंग एकच आहे, तेव्हा रांगेने यावे. आपल्या घरचा शेंडा पुडीत आणला असेल तर पुडी कुंड्यांपासून दूर, बाहेरच्या कठड्यावर सोडावी.