रॉकेट तुमचं, इंजिन कारखान्याचं

हेडफोन लावलेत ना? आज मॉडेल रॉकेटबद्दल बोलू या. पुठ्ठ्याची नळी, प्लॅस्टिकचं टोक, तीन पंख, पोटात घडी घातलेलं पॅराशूट. बटण दाबलं की सूं करून वर जातं, वर गेल्यावर छत्री उघडते आणि तरंगत खाली येतं. खाली आलं की इंजिन बदलायचं आणि तेच रॉकेट पुन्हा उडवायचं.

मी पोटासाठी कोड लिहितो आणि सध्या अमेरिकेत, कोलोरॅडोत राहतो. या छंदातली सगळ्यात ओळखीची कंपनी एस्टेस, ती याच राज्यातल्या पेनरोझ गावची. इथे रॉकेटचं किट खेळण्यांच्या दुकानात मिळतं.

पण हा विषय घ्यायला आणखी एक कारण आहे. 'घरच्या घरी रॉकेट बनवा' असे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येत असतील. स्वयंपाकघरात कढई ठेवून इंधन शिजवणारे. ते बघून कुणालाही वाटेल की खरं इंजिनिअरिंग हेच, आणि किट म्हणजे लहान मुलांचा खेळ. आज मी तुम्हाला याच्या बरोबर उलटं सांगणार आहे.

चपलांचं दुकान आणि एक पत्र

ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा माणूस. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात त्याचं बुटांचं दुकान होतं. त्याला आतषबाजीचा नाद, आणि भाऊ रॉबर्ट विमानांची मॉडेल्स करायचा. दोघांचे नाद एकत्र आले आणि १९५४ मध्ये एक छोटं, पॅराशूटनं परत येणारं कागदी रॉकेट तयार झालं.

दुसरीकडे हॅरी स्टाइन. तो व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर सुरक्षेचं काम बघायचा. त्या काळात अमेरिकेतली शाळकरी पोरं धातूच्या नळीत काहीबाही दारू ठासून रॉकेट उडवत होती. कुणाची बोटं जायची, कुणाचे डोळे, कुणाचा जीव. स्टाइननं या धोक्यावर एका मासिकात लेख लिहिला. तो वाचून कार्लाइलनं १९५७ च्या सुरुवातीला त्याला पत्र पाठवलं, आणि सोबत आपली रॉकेट्सही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्पुटनिक उडाला आणि प्रत्येक पोराला रॉकेट हवंसं झालं. तोपर्यंत स्टाइनकडे उत्तर तयार होतं.

उत्तर असं: रॉकेट कागदाचं, हलक्या लाकडाचं किंवा प्लॅस्टिकचं असेल, धातूचं नाही. पेटवायचं ते विजेनं आणि लांबून. आणि इंजिन कारखान्यातूनच तयार येईल. पोरानं इंधनाला हातच लावायचा नाही. मग डेन्व्हरचा व्हर्न एस्टेस पुढे आला. त्यानं इंजिनं भरणारं यंत्र बनवलं आणि त्याला 'मेबल' असं लाडाचं नाव दिलं. पुढची सगळी किट्स याच नियमावर उभी आहेत.

मग आपण काय करायचं?

उरलेलं सगळं, आणि ते भरपूर आहे. नवख्यांसाठीचं एक किट घेऊ, एस्टेसचं अल्फा थ्री. साधारण एक फूट उंच, जाडी अडीच सेंटिमीटर, वजन ३५ ग्रॅमच्या आसपास. यात तिन्ही पंख प्लॅस्टिकच्या एकाच तुकड्यात येतात, म्हणून ते वाकडे लागण्याची भीती नाही. दुपारभरात जुळतं.

नळीच्या खालच्या टोकाला इंजिन बसवायची जागा करायची. तिथे एक आडकाठी असते, कारण इंजिन जोर लावताना पुढे सरकून आत घुसता कामा नये. मग शॉक कॉर्ड, म्हणजे टोक आणि नळी यांना बांधून ठेवणारा इलास्टिकचा दोर. तो कागदाच्या घडीत चिकटवून नळीच्या आत पक्का करायचा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण इथला गोंद सुटला तर टोक छत्रीसोबत एकीकडे आणि नळी दगडासारखी दुसरीकडे. मग बाहेरून एक छोटी नळी चिकटवायची, शीतपेयाच्या स्ट्रॉच्या तुकड्याएवढी. ती लाँच पॅडच्या उभ्या सळईवर सरकते.

ही सळई कशाला? पंख हवेवर काम करतात. उडताना पहिल्या क्षणी वेगच नसतो, त्यामुळे पंखांना धरायला हवा मिळत नाही. पहिले तीन फूट सळई रॉकेटला सरळ धरते, आणि तिथून सुटेपर्यंत पंख काम सुरू करतात. दिवाळीतल्या रॉकेटचा तोल ती लांब काडी सांभाळते. इथे ते काम पंखांकडे.

आता माझा आवडता भाग. रॉकेटमध्ये दोन बिंदू असतात. एक गुरुत्वमध्य, जिथे बोटावर ठेवलं की ते आडवं तोलून राहतं. दुसरा दाबमध्य, जिथे हवेचा सगळा ढकला एकवटतो. गुरुत्वमध्य हा दाबमध्याच्या पुढे, टोकाच्या बाजूला, निदान रॉकेटच्या जाडीइतका असावा. उलटं झालं तर रॉकेट हवेत कोलांट्या मारतं.

तपासायची पद्धत बघा किती साधी. इंजिन आणि छत्री घालून रॉकेट तयार करायचं, गुरुत्वमध्याला दोरा बांधायचा आणि मोकळ्या जागी डोक्याभोवती गरगर फिरवायचं. टोक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आणि कॉम्प्युटरवर बघायचं असेल तर ओपनरॉकेट आहे. फुकट आणि ओपन सोर्स. फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्यानं २००९ मध्ये मास्टर्सच्या प्रबंधासाठी ते लिहिलं. पंख मोठा केला, टोक जड केलं, की दोन्ही बिंदू डोळ्यांसमोर सरकतात. याला इंजिनही लागत नाही आणि परवानाही नाही. आज रात्री लॅपटॉपवर टाका.

इंजिनावरचा कोड वाचू या

इंजिन म्हणजे अंगठ्याएवढी पुठ्ठ्याची नळी. आत दाबून बसवलेली बंदुकीची दारू, खाली मातीचं नॉझल. बाहेर छापलेलं असतं, समजा, बी ६-४.

पहिलं अक्षर एकूण जोर सांगतं. ए म्हणजे जास्तीत जास्त २.५ न्यूटन-सेकंद, बी म्हणजे ५, सी म्हणजे १०. प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट. मधला आकडा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा सेकंदांचा: जोर संपल्यावर किती वेळानं छत्री बाहेर फेकायची.

हे शेवटचं नीट समजून घ्या. इंधन संपलं तरी रॉकेट वेगात असतं, वर जातच राहतं. त्या वेळात इंजिनात एक संथ जळणारा थर धूर सोडत जळतो. तो संपला की वरच्या बाजूला छोटा स्फोट होतो, त्यानं टोक उडतं आणि छत्री बाहेर येते. सेकंद कमी पडले तर छत्री भर वेगात उघडून फाटते. जास्त झाले तर रॉकेट नाक खाली करून येतं आणि छत्री उशिरा उघडते. त्या स्फोटाची आच छत्रीला लागू नये म्हणून मध्ये न जळणाऱ्या कागदाचे बोळे भरायचे.

आणि एकदा पेटलं की बंद करायची सोय नाही. आपल्या कामात डिप्लॉयमेंट फसलं तर रोलबॅक असतो. इथे जे काही तपासायचं ते बटणाआधी.

मैदानावर

पहिलं उड्डाण ए इंजिनानं करा. सी लावलं तर अल्फा थ्री हजार फुटांच्या वर जाऊ शकतं. छत्री उघडली की पुढचा निर्णय वाऱ्याचा. नियमावलीत ए साठी निदान १०० फुटांचं मैदान सांगितलंय, बी साठी २००, सी साठी ४००. वारा ताशी वीस मैलांच्या वर असेल तर उडवायचंच नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात गवत वाळलं की आगीमुळे बंदी येते, तेव्हाही नाही.

कंट्रोलरला एक चावी असते. ती ज्याच्या रॉकेटची पाळी त्याच्या खिशात, पॅडवर नाही. पॅडपासून १५ फूट लांब, मोठ्यानं पाच-चार-तीन-दोन-एक. बटण दाबून काहीच झालं नाही तर चावी काढायची आणि पूर्ण ६० सेकंद थांबायचं. लहान मुलं लगेच धावतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. सळईच्या टोकावर टोपी ठेवा, कारण वाकलेल्या माणसाच्या डोळ्याला ती सहज लागते. आणि रॉकेट विजेच्या तारांवर अडकलं तर सोडून द्यायचं. चारशे-पाचशे रुपयांचं असो की हजारांचं, सोडून द्यायचं.

महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी

'दादा, येताना दोन इंजिनं आण ना.' नाही आणता येत. मॉडेल रॉकेटची इंजिनं विमानात न्यायला मनाई आहे, हातातल्या बॅगेतही आणि चेक-इनमध्येही. रिकामं किट आणता येईल.

आणि इंधन घरी करणं? परवान्याशिवाय स्फोटक बनवणं हा १८८४ च्या एक्स्प्लोझिव्ह्ज ॲक्टखाली गुन्हा आहे. परवाने बघणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, डॉ. वसंत गोवारीकरांसारख्या शास्त्रज्ञानं घन इंधनावर वर्षानुवर्षं काम केलं ते प्रयोगशाळेत, माणसं आणि साधनं हाताशी ठेवून. गॅसच्या शेगडीवर नाही.

मग करा काय? पाण्याचं रॉकेट. सोड्याची प्लॅस्टिक बाटली घ्या. सोड्याचीच, कारण ती दाब सहन करायला बनवलेली असते, पाण्याची नसते. एक तृतीयांश पाणी, बाकी हवा, गेज असलेला सायकलचा पंप. ५० पीएसआयच्या पुढे जाऊ नका. ओरखडे पडलेली बाटली वापरू नका, पंख टेपनं लावा, गरम गोंद नको. चष्मा घाला आणि दोरी ओढून लांबूनच सोडा. गुरुत्वमध्य, दाबमध्य, पंख, छत्री, दोऱ्याची चाचणी, सगळं इथे तसंच लागू. फक्त ढकलणारं पाणी.

त्या कढईवाल्या व्हिडिओत रॉकेट सरळ गेलं की वाकडं, परत आलं की नाही, हे सहसा दाखवत नाहीत. आता ते कुठे बघायचं, हे तुम्हाला माहीत आहे. या रविवारी बाटली आणि पंप जमवा, एखादा धाकटा भाऊ किंवा भाची मदतीला घ्या. पुढच्या भागात त्या बाटलीला छत्री कशी बसवायची ते बघू. भेटू!