दुय्यम भूमिकेचा मान

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपल्या काशीमीऱ्याला घोडबंदरचा रस्ता अहमदाबादच्या हमरस्त्याला मिळतो. आपल्यापैकी कितीतरी जणी परगावाहून येथे आल्या आणि येथल्याच झाल्या. म्हणून आज मी अशाच एका दुरून आलेल्या माणसाविषयी बोलणार आहे. ते म्हणजे नट ए. के. हंगल.

हंगलांचा जन्म सियालकोटचा, बालपण पेशावरचे. घरची वडीलधारी मंडळी इंग्रज सरकारच्या नोकरीत होती. यांनी मात्र ती वाट धरली नाही. शिवणकाम शिकून घेतले. पुढे कराचीत चळवळीत पडले आणि फाळणीनंतर तेथे तुरुंगवास भोगला. 1949 साली ते मुंबईस आले, तेव्हा खिशात वीसच रुपये होते, असे ते सांगत.

हातात कात्री होती, म्हणून उपासमार टळली. पण नाटकाचे वेड त्यांना स्वस्थ बसू देईना. इप्टा या नाट्यसंस्थेत बलराज सहानी, कैफी आझमी यांच्या बरोबरीने ते काम करू लागले. पोट शिवणकामावर आणि मन रंगभूमीवर, अशी कित्येक वर्षे गेली. 1966 साली ‘तीसरी कसम’ हा त्यांचा पहिला चित्रपट आला, तेव्हा ते पन्नाशीच्या घरात होते! आपण चाळिशीतच ‘आता काय शिकायचे?’ म्हणून हातातले सोडून देतो.

पुढे त्यांनी दोनशेहून अधिक चित्रपट केले. वडील, मास्तर, म्हातारा शेजारी, अशाच बहुतेक भूमिका. नायक ते कधी झाले नाहीत. पण 1975 सालचा ‘शोले’ आठवा. आंधळ्या रहीमचाचाचा तरुण मुलगा मारला जातो. ती मुलाची भूमिका आपल्या सचिन पिळगावकरांची. सारे गाव भयाने गप्प असते आणि हा म्हातारा बाप मशिदीकडे चालू लागतो. प्रसंग छोटासा, पण तो काढला तर गावाचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचतच नाही.

घरात आपलीही भूमिका पुष्कळदा अशीच असते. नाव दुसऱ्याचे होते, भार आपण उचलतो. त्यात कमीपणा नाही, हे मी मनापासून मानते. मात्र नुसता मान पुरत नाही, हेही हंगलांच्या आयुष्यात दिसते. 1993 साली पाकिस्तानी वकिलातीतल्या एका समारंभाला गेल्यामुळे त्यांच्यावर बहिष्कार पडला आणि हातचे काम गेले. 2006 साली पद्मभूषण मिळाले. पण 2011 साली औषधपाण्यासाठी पैसा पुरेना, तेव्हा चित्रपटसृष्टीतील मंडळी मदतीला धावली. 26 ऑगस्ट 2012 रोजी ते गेले.

म्हणून माझे सांगणे दोनच गोष्टींचे. एक, वय झाले म्हणून शिवणवर्गाचे किंवा नाटकाच्या तालमीचे दार स्वतःहून लावून घेऊ नका. दुसरी, आपल्या कष्टाचे चार पैसे आपल्या नावावर असू द्या; त्यासाठी म्हातारपणाची वाट पाहू नका.