फुलं वाहून झाल्यावर

(सशस्त्र सेना ध्वजदिनानिमित्त पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी तालुक्यांतील गावांमध्ये जाणाऱ्या युवा स्वयंसेवकांसमोर, नाशिकच्या वसतिगृहात एका निवृत्त आश्रमशाळा शिक्षकांनी केलेलं भाषण.)



येत्या ७ डिसेंबरला तुम्ही चार गाड्यांतून डोंगरातल्या गावांना जाणार आहात. फुलं कोण आणणार, गाडीत कोण कुठे बसणार, शिदोरीत काय घ्यायचं, हे सगळं ठरलं आहे. फुलांची चिंता नाशिककरांनी करूच नये. मोगलांच्या काळात या गावाचं नाव गुलशनाबाद होतं, आणि दिवाळीनंतर झेंडू, शेवंती इथे किती स्वस्त होतात ते तुम्हाला माहीत आहे. तेव्हा फुलांबद्दल मी बोलणार नाही. फुलं वाहून झाल्यावर काय, एवढ्यापुरतंच बोलणार आहे.

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळला जातो. लहान कागदी झेंडे देऊन निधी गोळा करतात आणि तो शहिदांच्या कुटुंबांसाठी, जखमी जवानांसाठी, माजी सैनिकांसाठी वापरतात. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना तो झेंडा खिशाला लावला असेल आणि संध्याकाळी काढून ठेवला असेल. मीही तेच केलं आहे.

गेलेल्या वीराची आठवण ठेवण्याची रीत आपल्याला कुणी बाहेरून शिकवलेली नाही. नाशिकमध्ये धुळवडीला काय होतं ते आठवा. बाकी महाराष्ट्र रंग खेळत असतो. आपण मात्र रंग रंगपंचमीला ठेवतो आणि धुळवडीला वीर काढतो. घरातल्या पूर्वजाचा, लढाईत पडलेल्या वीराचा टाक खोबऱ्याच्या वाटीत घ्यायचा, वाजतगाजत, नाचवत रामकुंडावर न्यायचा, गोदावरीत अंघोळ घालायची आणि परत देव्हाऱ्यात बसवायचा. दाजिबा वीराची मिरवणूक पाहायला तर सगळं गाव रस्त्यावर असतं.

आणि ज्या गावांत तुम्ही चालला आहात, तिथे चिरा आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी यांच्या वस्त्यांवर शेताच्या बांधाला, झाडाखाली, गावाच्या कडेला दगडाच्या किंवा सागाच्या फळ्या उभ्या केलेल्या दिसतात. वर सूर्य-चंद्र, खाली माणूस, कधी घोड्यावर बसलेला. तो गेलेल्या माणसाचा चिरा. त्यावर अक्षर नसतं, नाव नसतं. पण गावातल्या कोणालाही विचारा, हा कोणाचा, ते सांगतील. लिहिलेलं नाही म्हणून विसरलेलं नाही.

तुमच्यातल्या काही मुलांना आपल्या गावच्या चिऱ्याबद्दल बोलायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. वाटू देऊ नका. जगभर लोक हेच करतात. अमेरिकेत १९९२ साली मेन राज्यातल्या एका पुष्पचक्रं बनवणाऱ्या कारखानदाराकडे नाताळच्या सुमारास पाचेक हजार चक्रं उरली. ती त्याने आर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीत नेऊन जुन्या कबरींवर ठेवली. आज तिथे दर डिसेंबरात हजारो स्वयंसेवक हे काम करतात. त्यांची एक पद्धत मला फार आवडली. चक्र ठेवताना त्या सैनिकाचं नाव मोठ्याने उच्चारायचं. तोंडाने नाव घेतलं की तो दगड राहत नाही, माणूस होतो.

फार लांब जायला नको. पुण्याजवळ खडकीला युद्ध दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी तिथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी विखुरलेल्या कबरींची निगा राखणं शक्य नव्हतं, म्हणून त्या तिथे एकत्र आणल्या. हिरवळ, सारख्या उंचीचे दगड, प्रत्येकावर नाव. अधिकारी असो की साधा शिपाई, दगड सारखाच. हे काम पाहणारा आयोग १९१७ मध्ये स्थापन झाला तेव्हाच त्याचं तत्त्व ठरलं होतं की हुद्दा, वंश, धर्म असा भेद करायचा नाही.

तत्त्व चांगलं होतं. पण २०२१ मध्ये त्याच आयोगाच्या वतीने झालेल्या चौकशीचा अहवाल आला आणि त्यांनी जगाची माफी मागितली. आफ्रिकेतले, मध्यपूर्वेतले किमान १ लाख १६ हजार लोक, सैनिक आणि ओझी वाहणारे हमाल, पहिल्या महायुद्धात मेले आणि त्यांची नावं कुठेही कोरली गेली नाहीत. कदाचित याहूनही कितीतरी जास्त. आणखी ४५ ते ५४ हजारांची आठवण ठेवली गेली, पण बरोबरीने नाही. त्यांत भारतीयही होते. का? तर यांना नावाच्या दगडाचं काय कळणार, असं कुणा साहेबाने ठरवलं. ज्यांनी पाठीवर दारूगोळा वाहिला, ते आकडा म्हणून राहिले.

आपल्या भागाचा इतिहासही असाच आहे. राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. भागोजी नाईक हे आधी इंग्रजांच्याच नगरच्या पोलिसात होते. १८५७ च्या ऑक्टोबरात नांदूरशिंगोट्याजवळ त्यांनी इंग्रज पोलीस अधिकाऱ्याला गाठलं, आणि ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यात मिठसागरला ते लढता लढता पडले. ही दोन नावं आज आपल्याला माहीत आहेत. त्यांच्या मागे जे भिल्ल, जे कोळी उभे होते, त्यांतल्या किती जणांची माहीत आहेत? त्याच धामधुमीत इंग्रजांनी कोळ्यांची एक पलटण उभी केली, कॅप्टन नटॉलच्या हाताखाली, आणि काम झाल्यावर १८६१ मध्ये ती मोडून टाकली. म्हणजे आपली माणसं दोन्ही बाजूंनी लढली. नायकांची नावं राहिली, इतरांची गेली.

आता मी तुम्हाला माझी स्वतःची चूक सांगतो. त्यासाठीच इथे उभा आहे.

काही वर्षांपूर्वी मी असाच एक गट घेऊन सुरगाणा तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. गावातला एक मुलगा सैन्यात होता, लग्नाआधीच गेला. त्याची आई एकटी राहते. आम्ही नाशिकहून मोठं पुष्पचक्र करून नेलं होतं, तिकाटण्यासकट. जरीच्या पट्टीवर नाव छापलेलं. सरपंच आले, शाळेची मुलं आली, घोषणा झाल्या. मी वीस मिनिटं भाषण केलं. आजींना शाल दिली, फोटो काढला. त्यांनी नागलीची भाकरी केली होती, खाऊन जा म्हणाल्या. आम्हाला आणखी दोन गावं करायची होती. मी म्हटलं, ‘आजी, पुढच्या वेळी.’

पुढच्या वेळी म्हणजे वर्षाने मी दुसऱ्याच कामासाठी तिकडे गेलो, एकटा. त्यांच्या अंगणात गेलो तर ओळखीची वस्तू दिसली. आमच्या चक्राचं बांबूचं कडं. त्याला चिंध्या गुंडाळून त्यांनी पाण्याच्या मडक्याखाली चुंबळ केली होती. मला जरा लागलं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. म्हणाल्या, ‘गुरुजी, फुलं तर आठ दिवसांत वाळली. कडं चांगलं होतं, टाकायचं कशाला?’

मग मी भाकरी खाल्ली. खाता खाता सहज विचारलं, ‘पेन्शन वेळेवर येते ना?’ त्या म्हणाल्या, ‘चौदा महिने झाले, नाही येत.’

चौदा महिने. हिशोब करा. आम्ही चक्र वाहिलं, घोषणा दिल्या, तेव्हाही ती येत नव्हती. मी त्यांच्याशेजारी बसून फोटो काढला तेव्हा सुरुवात होऊन दोन महिने झाले होते नि मी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, ‘आजी, त्या दिवशी का नाही सांगितलंत?’ तर म्हणाल्या, ‘तुम्ही बोलत होतात ना.’

झालं होतं ते असं. पेन्शन घेणाऱ्याला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मशीनवर बोट ठेवायचं. जन्मभर भातलावणी केलेली, लाकडं फोडलेली बोटं. रेषाच उरलेल्या नाहीत. मशीन म्हणालं, जुळत नाही. एका कार्यालयात गेल्या, तिथे म्हणाले बँकेत जा. बँकेत म्हणाले, आधार कार्डावर नाव वेगळं आहे आणि पेन्शनच्या कागदावर वेगळं, आधी ते दुरुस्त करून आणा. नाव वेगळं म्हणजे काय, तर एका कागदावर घरचं नाव आणि दुसऱ्यावर भरतीच्या वेळी कुणी तरी ऐकून लिहिलेलं. तीन खेपा केल्या, दर खेपेला एक दिवसाची मजुरी बुडाली, आणि मग त्या जायच्या थांबल्या. जिवंत बाई स्वतः समोर उभी होती, पण ती जिवंत आहे याचा पुरावा नव्हता.

आपल्या वसतिगृहातली बारावीची एक मुलगी त्यांच्याबरोबर जाऊ लागली. तिला त्यांची बोली येत होती, हे पहिलं. अर्ज लिहिता येत होता, हे दुसरं. तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ‘उद्या या’ म्हटलं की ती खरंच उद्या जायची. नावाच्या दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र केलं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद दिले. बोटं जुळत नसतील तर मोबाईलच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे, ती वापरली. पाच महिने लागले. पेन्शन सुरू झाली, मागची बाकीही आली.

त्यानंतर आजी आम्हाला शेताच्या बांधावर घेऊन गेल्या. आम्ही चक्र शाळेच्या पटांगणात वाहिलं होतं. मुलाचा चिरा बांधावर होता. आम्ही तो पाहिलाच नव्हता, कारण विचारलंच नव्हतं. साधा उभा दगड, शेंदूर लावलेला. त्याच्यापुढे नव्या नागलीची चार कणसं ठेवलेली. म्हणाल्या, ‘पहिली कापणी झाली की त्याला आधी.’ मग तिथेच बसून त्यांनी सांगितलं, तो लहानपणी मासे कसे पकडायचा, पहिल्या पगारात त्याने काय आणलं, रजेवर आला की रात्री झोपेत ‘सावधान’ कसा ओरडायचा. हसत सांगत होत्या. माझ्या वीस मिनिटांच्या भाषणात यातलं एक अक्षर नव्हतं.

तर मित्रहो, ७ तारखेला जाताना एवढंच करा.

फुलं साधी न्या. सुटी फुलं किंवा दोऱ्यात ओवलेला हार. प्लास्टिक नको, थर्माकोल नको, जरीची पट्टी नको. ती डोंगरात कुजत नाही.

आधी घरी जा, मग स्मारकाजवळ. घरच्यांना विचारा, कुठे वाहू? ते बांधावर नेतील तर बांधावर वाहा. चिऱ्याची त्यांची जी रीत असेल ती त्यांना करू द्या, आणि तुम्ही बाजूला उभे राहा. फोटो त्यांना विचारून काढा.

नाव मोठ्याने घ्या. घरात ज्या नावाने हाक मारत होते ते नाव विचारून घ्या.

भाषण करू नका. करायचंच असेल तर पाच मिनिटांत संपवा. बाकीचा वेळ ऐका. भाकरी दिली तर खा. त्यासाठी मी प्रत्येक गाडीला तीनऐवजी दोनच गावं द्यायला सांगितली आहेत.

आणि शेवटी चार प्रश्न विचारा. पेन्शन चालू आहे का? या नोव्हेंबरचा हयातीचा दाखला झाला का? सगळ्या कागदांवर नाव एकच आहे का? माजी सैनिकांच्या कुटुंबाचं ओळखपत्र आणि दवाखान्याचं कार्ड आहे का? उत्तरं वहीत लिहून घ्या. एकाही प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर त्या घराची जबाबदारी तुमच्यातल्या एकाने स्वतःच्या नावावर घ्यायची. गटाच्या नावावर टाकलेलं काम कोणाचंच नसतं.

मला विचारतील, मग फुलं कशाला न्यायची, सरळ अर्जच न्या. नाही, फुलं न्या. फुलांशिवाय गेलात तर तुम्ही आणखी एक कार्यालय व्हाल. आणि नुसती फुलं घेऊन गेलात तर जे मी केलं तेच कराल.

ती चुंबळ अजून त्या अंगणात आहे. गेल्या महिन्यात मी पाणी प्यायलो त्या मडक्यातलं. तुमच्यापैकी जे त्या गावी जाणार आहेत त्यांनी आजींना माझा नमस्कार सांगा, आणि जेवायला थांबा. त्यांना तसं कळवलं आहे.

आता गाड्यांची यादी वाचून दाखवतील. वही आणि पेन कोणी विसरू नका.