रंगमंचावरील लोकनृत्य आणि आपला फेर



मांडवगडावर बोलावयाचे म्हणजे राणी रूपमती आणि बाजबहादूर यांच्यापासून आरंभ करावा, असा प्रघात आहे. तो मोडून आम्ही गडाखालच्या नाचाविषयी बोलणार आहोत, आणि थोडे आपल्या घरच्या नाचाविषयीही.

होळीपूर्वीच्या आठवड्यात धार, झाबुआ, अलीराजपूर या भागांत भगोरियाचे बाजार भरतात. भिल्ल मंडळी मांदल, थाळी, बासरी घेऊन येतात आणि फेर धरतात. त्या फेराला पुढची बाजू नसते की मागची नसते. पाहणाऱ्यास वाटले तर तो आत शिरतो. माळवी लग्नघरांतील मटकीचेही तसेच. ढोलाच्या ठेक्याचेच नाव त्या नाचास मिळाले आहे. एक बाई घुंगट ओढून अंगणात गिरकी घेऊ लागते, मागून दुसऱ्या येतात.

1953 पासून दिल्लीत प्रजासत्ताकदिनानिमित्त लोकनृत्यांचे महोत्सव भरू लागले. प्रांतोप्रांतीचे नाच लोकांस एका ठिकाणी पाहावयास मिळाले, हा लाभ लहान नव्हे. परंतु रंगमंचास तोंड एकच! तेथे फेराचे अर्धवर्तुळ होते, रात्रभराचा नाच दहा मिनिटांत बसवावा लागतो, सर्वांच्या पोशाखाचा रंग एक होतो आणि ठेका चुकणारी म्हातारी वगळली जाते. आम्हांस चिंता वाटते ती या म्हातारीची. मुलींना पाऊल शिकविणारी तीच असते.

गाण्याच्या बाबतीत देवासने निराळी वाट दाखविली. 1948 साली कुमार गंधर्व प्रकृतीच्या कारणाने तेथे राहावयास आले. आजारपणात कानी पडलेली माळवी लोकगीते त्यांनी पुढे जमविली, मैफलीत मांडली. पण आधी ती मन लावून ऐकली.

पवारांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या आपल्या घराण्यांनी श्रावणातील मंगळागौर जपली. झिम्मा, फुगडी, पिंगा हे खेळ आता घरातून सभागृहात आले आहेत. (दोन खोल्यांत फुगडी घालावी तरी कशी?) त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र खेळणारे पथक बाहेरून बोलवावयाचे आणि घरच्या लेकीसुनांनी खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवावयाच्या, हे आम्हांस रुचत नाही.

म्हणून न्यासास आमची विनंती आहे. या महोत्सवी वर्षी श्रावणातील एका मंगळवारी सभागृहातील खुर्च्या काढून ठेवाव्यात. शेजारच्या माळवी बायांना मटकी शिकविण्यास सन्मानाने बोलवावे आणि आपला झिम्मा त्यांस शिकवावा. ढोलवाल्यास योग्य बिदागी द्यावी. हारतुऱ्यांच्या खर्चातून ती सहज निघेल. साड्या एकसारख्या नकोत. कार्यक्रमपत्रिकाही छापू नये. किती वेळ नाचावयाचे, ते ढोलवाला आणि बाया मिळून ठरवितील.