पेशींचें टपाल आणि कर्करोग

कर्करोग हें नांव उच्चारतांच घरांतील बोलणें थांबतें, आणि त्यानंतर बहुधा एकच प्रश्न विचारला जातो : रोग आणखी कोठें पसरला आहे काय ? हा प्रश्न योग्यच आहे. एका जागीं असलेली गाठ पुष्कळदां शस्त्रानें काढून टाकतां येते. परंतु तिच्यांतील पेशी फुफ्फुसांत, यकृतांत अथवा हाडांत जाऊन राहिल्या म्हणजे डॉक्टरांचें काम फार कठीण होतें. हें पसरणें कसें घडतें, रोग वेळीं कसा ओळखावा आणि त्यास आळा कसा घालावा, या तिन्ही प्रश्नांवर अलीकडे एका अत्यंत सूक्ष्म वस्तूच्या अभ्यासानें प्रकाश पडूं लागला आहे. ती वस्तु म्हणजे पेशींतून बाहेर पडणाऱ्या पुटिका होत.

पुटिका म्हणजे स्निग्ध द्रव्याच्या पातळ आवरणांत बांधलेली इवलीशी पुडी. शरीरांतील बहुतेक सर्व प्रकारच्या पेशी अशा पुड्या बाहेर टाकीत असतात, आणि त्या रक्त, मूत्र, लाळ, दूध यांत सांपडतात. त्यांपैकीं ज्यांना एक्झोसोम म्हणतात, त्यांचा व्यास सुमारें ३० ते १५० नॅनोमीटर असतो. एका मिलिमीटरांत दहा लाख नॅनोमीटर सामावतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाला या पुड्या कां गवसल्या नाहींत, तें कळून येईल.

त्यांचा शोध आडवाटेनेंच लागला. १९४६ सालीं अमेरिकेंत चारगॅफ व वेस्ट हे रक्त गोठण्याच्या क्रियेचा अभ्यास करीत होते. प्लेटलेट नांवाचे कण काढून टाकलेला रक्तद्रव यंत्रांत अतिशय वेगानें फिरविला असतां तळाशीं जो सांका बसतो, त्यांत रक्त गोठविण्याचा गुण असतो, असें त्यांस आढळलें. १९६७ सालीं पीटर वुल्फ यांनीं प्लेटलेटपासून निघणाऱ्या या सूक्ष्म कणांचें वर्णन केलें व त्यांस प्लेटलेटची ‘धूळ’ म्हटलें. पुढें १९८३ सालीं मॉंट्रियल येथील रोझ जॉनस्टोन या विदुषी व त्यांचे सहकारी, तसेंच सेंट लुई येथील दुसरें एक संशोधकमंडळ, यांनीं कोवळ्या तांबड्या रक्तपेशींत एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. लोह घेण्यासाठीं लागणारीं ग्राहक प्रथिनें पेशी प्रौढ होतांना निरुपयोगी होतात, आणि पेशी तीं पुटिकांत बांधून बाहेर टाकते. अर्थात् पुटिका म्हणजे पेशीच्या घरांतील केरकचरा, असाच समज दृढ झाला.

तो समज हळूहळू ढासळला. २००७ सालीं स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथें वलादी, लॉटवाल व त्यांचे सहकारी यांनीं उंदराच्या पेशींतून निघालेल्या पुटिका मानवी पेशींना दिल्या. तेव्हां त्या मानवी पेशींत उंदराचीं प्रथिनें तयार झालीं! पुटिकांत आर्‌एन्‌ए या द्रव्याच्या रूपानें लेखी आज्ञाच होत्या, आणि परक्या पेशींनीं त्या वाचून पाळल्या होत्या. ज्याला केर समजत होते, त्यांत टपालही होतें.

कर्करोगाची पेशी या टपालाचा उपयोग कसा करते ? इंग्लंडांतील शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं १८८९ सालीं स्तनाच्या कर्करोगानें दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून असें मत मांडलें कीं, बीज कोठेंही पडलें तरी योग्य जमिनींतच रुजतें. रोग कांहीं विशिष्ट अवयवांतच वारंवार पसरतो, याचें कारण हेंच. ती जमीन आधींच कोण नांगरून ठेवतो, हें मात्र पुष्कळ काळ कळलें नव्हतें. न्यूयॉर्क येथील डेव्हिड लायडन यांच्या मंडळानें २०१५ सालीं उंदरांवरील प्रयोगांत दाखविलें कीं, गाठींतून सुटलेल्या पुटिकांच्या पृष्ठभागावर इंटेग्रिन नांवाचीं प्रथिनें असतात, व पत्त्याप्रमाणें तीं पुटिकांना ठराविक अवयवाकडे नेतात. फुफ्फुसाकडे जाणाऱ्या पुटिका अगोदर देऊन ठेवल्या, तर एरवीं हाडांत जाणाऱ्या कर्कपेशीही फुफ्फुसांत जाऊन वाढल्या.

जें टपाल रोग पसरवितें, तेंच वाटेंत अडवून वाचलें तर रोगाचा सुगावा लागेल, ही कल्पना मग ओघानेंच आली. २००८ सालीं स्कॉग, ब्रेकफील्ड व त्यांचे सहकारी यांनीं मेंदूंतील ग्लायोब्लास्टोमा या दुर्धर गाठीच्या २५ रुग्णांचें रक्त तपासलें. त्यांपैकीं ७ जणांच्या रक्तांतील पुटिकांत गाठीच्या एका विशिष्ट जनुकदोषाची खूण मिळाली. कवटी न उघडतां मिळालेली ही बातमी होती. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठीं तर मूत्रांतील पुटिका तपासण्याची एक पद्धति अमेरिकेंत व्यवहारांतही आली आहे. तीन जनुकांच्या संदेशांवरून रोग उग्र असण्याचा संभव किती, याचा ती अंदाज देते. ग्रंथींत सुई घालून तुकडा काढण्याचा त्रास कोणाला टाळतां येईल, हें ठरविण्यास तिची मदत होते. निदानाचा अखेरचा निर्णय मात्र ती देत नाहीं.

उपचाराच्या बाबतींत आशा आहे, परंतु यश अद्याप दूर आहे. रोगप्रतिकारक पेशींच्या पुटिका टोंचून फुफ्फुसाच्या कर्करोगास थोपविण्याचा प्रयत्न फ्रान्समध्यें २२ रुग्णांवर झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले. ७ जणांचा रोग चार महिन्यांहून अधिक काळ थबकला. परंतु निम्म्या रुग्णांत तसें व्हावें हें ठरविलेलें उद्दिष्ट साधलें नाहीं. २०१७ सालीं ह्यूस्टन येथें पुटिकांत औषधी आर्‌एन्‌ए भरून स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या उंदरांना दिलें, तेव्हां तीं अधिक काळ जगलीं. त्यानंतर मनुष्यांवरील प्राथमिक चांचण्याही सुरू झाल्या.

येथें एक सावधगिरी आवश्यक आहे. रक्तांत निरोगी पेशींच्या पुटिका असंख्य असतात, आणि त्यांतून गाठीच्या तेवढ्या निवडणें म्हणजे राळ्यांतून राजगिरा वेंचण्यासारखें आहे. २०१५ सालीं स्वादुपिंडाचा कर्करोग पुटिकांवरील एकाच प्रथिनावरून बिनचूक ओळखतां येतो, असें जाहीर झालें होतें. पुढें इतर प्रयोगशाळांना तितकी निश्चिति आढळली नाहीं. तेव्हां रक्ताच्या एका थेंबावरून सर्व कर्करोग सांगण्याच्या जाहिराती पाहून श्रोत्यांनीं हुरळून जाऊं नये. न भरणारी जखम, हातास लागणारी गाठ, अकारण घटणारें वजन अथवा अवेळीं होणारा रक्तस्राव यांपैकीं कांहींही दिसलें, तर नव्या तपासणीची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें. गाठीचा तुकडा काढून तो तपासावा असें त्यांनीं सुचविलें, तर भीतीपोटीं तें लांबणीवर टाकूं नये. पुटिकांचें शास्त्र उद्यां ही तपासणी अधिक सुसह्य करील असा संभव आहे. आज मात्र वेळीं केलेली तपासणीच रुग्णाच्या सर्वांत अधिक उपयोगी पडते.