घराची निगा आणि नगराचा कायदा

मुंबईंतील जुन्या घराला पावसाचें भय आहेच. परंतु ‘यंदाचें वर्ष निभावून जाईल’ ह्या समजुतीनें त्याहून अधिक घरें खचविलीं आहेत. समुद्राची खारी, दमट हवा सिमेंटच्या कवचांत शिरते, आंतील सळया गंजतात, आणि फुगलेलें लोखंड अंगावरचें कवच फोडून टाकतें. छतावर तांबूस ओघळ दिसला कीं गृहस्थ गिलावा लिंपून वर रंग फांसतो. रोग झांकला जातो, इतकेंच. जुन्या चाळींत हेंच काम वाळवी करते. तुळई बाहेरून धडधाकट दिसते. मोरीच्या ओल्या भिंतींत शिरलेलें तिचें टोंक मात्र पोकळ झालेलें असतें.

ह्या हेळसांडीला एके काळीं कायद्यानेंही हातभार लावला. १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या जागांचें भाडें मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशीं बांधून टाकलें. भाडेकऱ्याच्या डोक्यावर छप्पर राहिलें. मालकाला तें शाकारण्याचा उत्साह राहिला नाहीं. पुढें १९६९ सालीं कायदा करून शासनानें दुरुस्ती मंडळ स्थापिलें व शहर विभागांतील जुन्या इमारतींवर उपकर बसविला. आरंभीं अशा इमारती १९,६४२ होत्या. हें काम आतां म्हाडाचें मंडळ पाहतें.

१९९९ सालच्या भाडेनियंत्रण कायद्याचें १४ वें कलम प्रत्येक भाडेकऱ्यानें वाचण्याजोगें आहे. जागा राहण्यायोग्य ठेवणें हें मालकाचें कर्तव्य होय. नोटीस देऊन निदान १५ दिवस वाट पाहिल्यावरही त्यानें हात हलविला नाहीं, तर भाडेकऱ्यानें स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यांतून वळता करावा. मात्र ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक होतां कामा नये. ज्याचें भाडें महिना १०० रुपये, त्याला वर्षाकाठीं ३०० रुपये वळते करतां येतील. तेवढ्यांत गवंड्याची एका दिवसाची मजुरीही भागणार नाहीं. हक्क खरा, पण टेकू फारच बारीक!

मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ सालच्या अधिनियमांत पुढें घातलेलें ३५३-ब हें कलम अधिक कामाचें आहे. इमारतीला ३० वर्षें पुरीं झालीं कीं एका वर्षाच्या आंत नोंदणीकृत संरचना-अभियंत्याकडून तिची तपासणी करवून दाखला सादर करावा लागतो, आणि नंतर दर १० वर्षांनीं. ‘मालक पाहून घेईल’ असें म्हणून राहणाऱ्यास सुटतां येत नाहीं. जबाबदारी त्याच्यावरही आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधि तर ह्याहून कडक आहेत: १५ ते ३० वर्षें वयाच्या इमारतीची तपासणी दर ५ वर्षांनीं, त्यापुढें दर ३ वर्षांनीं. पावसानें गळणारी गच्ची व बाहेरचे सामाईक नळ हें संस्थेचें काम. त्यासाठीं बांधकामखर्चाच्या दरसाल निदान ०.७५ टक्के दुरुस्ती निधि सभासदांनीं द्यावयाचा असतो. दिवाणखान्याच्या फरशीवर लाखों रुपये उधळणारे गृहस्थ सर्वसाधारण सभेंत ह्याच पाऊण टक्क्यावरून हमरीतुमरीवर येतात!

घरांतील खांब घरधन्याचा एकट्याचा नसतो. २५ जुलै २०१७ रोजीं घाटकोपर येथें एक इमारत कोसळून १७ माणसें दगावलीं. तळमजल्यावरील फेरफारांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. २७ सप्टेंबर २०१३ रोजीं डॉकयार्ड रोडजवळ ६१ जणांचा बळी घेणारी इमारत तर खुद्द महापालिकेच्या मालकीची होती, व तींत तिचेच नोकर राहत होते.

अभियंत्याच्या अहवालावरून महापालिका इमारतीची वर्गवारी ठरविते. ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ‘सी-१’ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडावयाची इमारत. पावसाळ्यापूर्वीं अशा घरांच्या याद्या प्रसिद्ध होतात, तरी पुष्कळ कुटुंबें हलत नाहींत. त्यांना मूर्ख म्हणणें सोपें आहे. एकदां उंबरठा ओलांडला कीं परत खोली मिळेल काय, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हे. संक्रमण शिबिरांत वर्षानुवर्षें काढलेले शेजारी त्यांनीं पाहिलेले असतात. म्हणून नोटीस हातीं पडतांच आपल्या खोलीचें मोजमाप अधिकाऱ्याकडून लिहून घ्यावें, त्याची प्रत मागावी, आणि भाडेपावत्या व वीजबिलें एका पिशवींत घालून प्रथम ती पिशवी बाहेर काढावी. भांडींकुंडीं मागाहून नेतां येतील.